बुजवलेल्या विहिरीवरचा गाळा

आप्पांचे रहाटणीत रस्त्याला लागून सहा गाळे होते आणि त्यांपैकी एकालाही नंबर नव्हता. पहिला ज्वारीचा, दुसरा हरभऱ्याचा, तिसरा-चौथा मिळून उसाचा, पाचवा कांद्याचा. कंपन्या आणि सोसायट्या यायच्या आधी त्या तुकड्यावर जे पिकायचं, ते त्या गाळ्याचं नाव. ज्वारीत मोबाइल दुरुस्ती होती, हरभऱ्यात रक्त तपासायची लॅब, उसात फर्निचरवाला. कुरिअरवाल्याला आप्पा फोनवर ओरडून सांगायचे, "कांद्यात दे रं, कांद्यात," आणि तो बिचारा अर्धा तास भाजीच्या गाड्यांभोवती घिरट्या घालायचा. मी घेतलेला गाळा सहावा, कोपऱ्यातला. त्याचं नाव विचारलं तर म्हणाले, "त्याला नाव न्हाई. तितं कवा काय पेरलंच न्हाई." का पेरलं नाही, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मी भाडं विचारलं.

त्याआधीची आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या जिममध्ये ट्रेनर म्हणून राबले होते. तिथे बायकांच्या वाट्याला दुपारचे दोन तास आणि एसीखालचा एक कोपरा. टी-शर्ट सारखा खाली ओढत, कोण बघतंय याचा अंदाज घेत बाई व्यायाम करते तेव्हा अर्धी ताकद त्यातच जाते. मला फक्त बायकांसाठी एक छोटा स्टुडिओ काढायचा होता. माझे वडील पस्तीस वर्षं एका कंपनीत लेथवर उभे होते. निवृत्तीचे पैसे मिळाले त्यातले बरेचसे त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "मी दुसऱ्याच्या मशीनवर जन्म काढला. तू तुझ्या जागेत उभी राहा." जागा आमची नव्हती, भाड्याची होती. पण बाबांना एवढा फरक करायचा नव्हता.

करार नोंदवायच्या दिवशी आप्पांनी माझं आधार कार्ड हातात घेतलं आणि आडनाव दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने.

"गाव कुठलं म्हनायचं?"

मी वडिलांचं मराठवाड्यातलं गाव सांगितलं. आप्पा जरा वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग चेहरा एकदम उदार झाला.

"असू द्या. आमी तसलं काय मानत न्हाई."

तसलं म्हणजे कसलं हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्हाला अशी अर्धी वाक्यं पुरी ऐकू येतात. त्याआधीच्या तीन जागा माझ्या आडनावापाशीच अडल्या होत्या. एकाने "मुलाला विचारतो" म्हणून सांगितलं, एकाने फोन उचलायचं बंद केलं, तिसऱ्याला अचानक स्वतःलाच दुकान काढायचं सुचलं. त्या मानाने आप्पा देवमाणूसच म्हणायचे. मी हसून सही केली. अकरा महिन्यांचा करार, पुढचं पुढे.

काम सुरू झालं त्या दिवसापासून आप्पा रोज सकाळी हजर. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी आणि काखेत घडीची खुर्ची. ती खुर्ची ते बरोबर शटरच्या रेषेवर मांडायचे, दोन पाय आत आणि दोन पाय बाहेर. "आत बसलो तर तुमी म्हननार मालक घुसला. भायेर बसलो तर काम दिसत न्हाई." असा त्यांचा न्याय. तिथून सूचना सुरू. सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगारी, कुणालाही त्यांनी मोकळा श्वास घेऊ दिला नाही. भिंतीला ड्रिल लावायचं म्हटलं की आप्पा उठायचे, बोटाच्या पेराने भिंत ठोकायचे, कान लावायचे आणि निकाल द्यायचे. "हितं मार." "हितं न्हाई, हितं पोकळ हाय." इलेक्ट्रिशियनला हा सगळा खुळेपणा वाटला. एका सकाळी आप्पांना यायला उशीर झाला तेव्हा त्याने अंदाजाने भोक पाडलं, ते थेट पाण्याच्या पाइपात. आम्ही बादल्या घेऊन धावत असताना आप्पा आले आणि शटरच्या रेषेवर खुर्ची मांडून बसले. त्या दिवसापासून तो इलेक्ट्रिशियन पंख्याचा हुक लावायलाही त्यांची वाट बघायचा.

समोरची सगळी भिंत भरून आरसे बसवले, त्यावर ते तीन दिवस रुसले. खुर्ची उलटी करून रस्त्याकडे तोंड करून बसले. "येवढा आरसा? मान्सानं सोताकडं इतकं बगायचं नसतं, नासतो मानूस." पण वजनकाटा आणल्यावर स्वारी खूश. रोज आल्या आल्या चपलांसकट काट्यावर उभे राहायचे, आकडा मला वाचायला लावायचे आणि तो कालच्यापेक्षा जरा जास्त निघाला की म्हणायचे, "टोपीचं असंल." वीस किलोचा डंबेल त्यांनी पहिल्याच दिवशी एका हाताने उचलला आणि परत ठेवताना विचारलं, "ह्याचं पैसं देत्यात बाया?" काम चालू असतानाच मी थोड्या जणींची ट्रायल बॅच सुरू केली होती. बायका धाडकन जमिनीवर आडव्या होतात, उठतात, उडी मारतात, तो प्रकार त्यांनी बराच वेळ डोळे बारीक करून पाहिला. मग मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "उठायचंच हाय तर पडताय कशाला?" याचं उत्तर माझ्या कुठल्याही सर्टिफिकेटात नव्हतं.

चांगलं केलं तेही लिहिते, नाहीतर मीच खोटी ठरेन. विजेचा लोड वाढवून घ्यायला मालकाच्या सह्या आणि हेलपाटे लागत होते. आप्पा खुर्ची आणि डबा घेऊन त्या कार्यालयात जाऊन बसले, दोन दिवस. कुणाशी भांडले नाहीत, कुणाला काही विचारलं नाही, नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथल्या माणसानेच त्यांना हाक मारून कागद दिला. वरच्या मजल्यावर मुलांचे अभ्यासवर्ग होते. त्या बाई उड्यांच्या आवाजाची तक्रार घेऊन आल्या तर आप्पांनी त्यांना एका वाक्यात वाटेला लावलं. "उडी माज्या जमिनीवर पडती. जमीन बोलली का काय?" त्या काळात मी घरी जाऊन बाबांना आप्पांच्या नकला करून दाखवायची आणि बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

मग रबराची फरशी आली.

चिकटवायचं काम सुरू होणार तेवढ्यात आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून खडू काढला, मागच्या उजव्या कोपऱ्यात गेले, गुडघ्यावर बसले आणि दोन हात लांब, दोन हात रुंद असा चौकोन आखला.

"येवढं उघडं ठेवायचं."

"का, आप्पा?"

"खाली हीर हाय."

तेव्हा कळलं, त्या तुकड्यावर कधी काही का पेरलं नव्हतं. त्यांच्या आजोबांनी खणलेली विहीर तिथे होती. रस्ता रुंद झाला, शेत संपलं, गाळे बांधायचे ठरले तेव्हा आप्पांच्या भावांनी ती राडारोडा टाकून बुजवली. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. विहिरीत आसरा असतात, सात बहिणी, पाण्याच्या देवता. पाणी गेलं तरी त्या कुठे जाणार, असं आप्पांचं म्हणणं. म्हणून दर अमावास्येला ते तिथे हळदकुंकू वाहायचे, दहीभात ठेवायचे आणि तांब्याभर पाणी फरशीवर ओतायचे. माझ्या आधी तिथे खताचं दुकान होतं. त्या दुकानदारानेही तेवढी जागा पोत्यांमधून मोकळी ठेवली होती.

मी कबूल झाले. दोन हाताची तर जागा, जाऊ दे, असा विचार केला. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव घराबाहेर गेले. रात्री बाबांना सांगितलं तर त्यांचा घास हातात राहिला. "जागा घेतलीस की गुरवकी?" एवढंच बोलले. मी त्यांच्यावर वैतागले. आरसे भिंतीला चिकटवलेले होते, फरशी जमिनीला चिकटणार होती, कपडे बदलायची खोली, लाइट, पंखे, सगळं त्या गाळ्याच्या अंगावर गेलं होतं. उचलून नेता येतील असे फक्त डंबेल उरले होते. माझा जीव त्या गाळ्यात अडकला होता आणि ते आप्पांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

स्टुडिओ चालला. सकाळी सहाची बॅच, सातची बॅच, संध्याकाळी दोन. सोसायट्यांतल्या बायका यायच्या, थेरगावहून दोघी स्कूटरवर यायच्या. चाकणला एका कंपनीत लाइनवर काम करणारी एक मुलगी पहिली शिफ्ट नसेल तेव्हा यायची. तीही मराठवाड्यातलीच, बोलायला कमी, व्यायामाला कडक. अमावास्येला सातच्या बॅचच्या मध्येच आप्पा तांब्या, ताट घेऊन आत यायचे. मी गाणं बंद करायची. काही जणी हात जोडायच्या, काही जणी तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायच्या. आप्पा पूजा करायचे, मी फडकं घेऊन उभी राहायची आणि ते गेले की फरशीवरचं पाणी पुसून घ्यायची. चार अमावास्या अशा गेल्या.

पाचव्या वेळी आप्पा रंगात होते. पूजा झाल्यावर तिथेच मांडी घालून विहिरीच्या गोष्टी सांगू लागले. पाणी किती गोड, मोट कशी चालायची, पोहायला कोण शिकलं. बायका भोवती बसल्या. आयटीतली नोकरी सोडलेली एक ताई होती, तिला असल्या गोष्टींची भारी हौस.

"दुस्काळात सगळं गाव हितं पानी भरायचं," आप्पा म्हणाले.

"सगळं?" मी विचारलं. खरंच सहज विचारलं.

"व्हय की!" ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर माया होती, ती मी नाकारत नाही. "तुमची लोकं बी! माजी आय रोज दुपारी हितं येऊन बसायची. ऊन असू दे, पाऊस असू दे. ह्या बाया घागरी घेऊन खाली रांगंनं बसायच्या आन् माजी आय सोता पानी शेंदून वरनं त्यांच्या घागरीत वतायची. मरस्तवर वतलं तिनं. येका बाईला कवा दोराला हात लावू दिला न्हाई!"

"किती छान ना!" ती ताई म्हणाली.

चाकणवाली मुलगी बुटाची नाडी सोडून परत बांधू लागली.

माझ्या आजीने अशाच कुठल्या तरी विहिरीच्या खाली, उन्हात, कुणी तरी येऊन ओतेल म्हणून दुपारच्या दुपारी वाट बघितली होती. ते ती शेवटपर्यंत सांगायची आणि सांगताना तिचा आवाज बदलायचा. इथे तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने ऐकत होते, आणि या बाजूने ती पुण्यकर्माची गोष्ट होती.

"आप्पा," मी म्हटलं, "दोर त्यांच्या हातात का नाही दिला तुमच्या आईने?"

आप्पा खरोखर गोंधळले. सोंग नव्हतं ते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "अगं पोरी, त्यास्नी कष्ट नगो म्हनून."

त्यांना लाज वाटली असती, ते चिडले असते, थापा मारल्या असत्या, तर मला भांडता आलं असतं. त्यांना त्यात काही दिसतच नव्हतं. मी गाणं लावलं आणि उरलेली बॅच इतकी पिदडली की दोघी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

दुपारी मी रबराचा उरलेला तुकडा काढला, मापाने कापला आणि त्या चौकोनावर चिकटवून टाकला. वरून डंबेलचा स्टँड सरकवला. फार बरं वाटलं. बाबांना सांगितलं, तर जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली.

पुढच्या अमावास्येला आप्पा ताट घेऊन आले. कोपऱ्यात गेले. स्टँडच्या खाली हात घालून त्यांनी रबर चाचपलं, भिंत तपासायचे तसं बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. रबराचा काय आवाज येणार? उठले, सगळं परत ताटात ठेवलं आणि "बरं" म्हणून गेले. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची यायची बंद झाली. ओरडले नाहीत, कुणाकडे तक्रार केली नाही, माझं पाणी तोडलं नाही की लाइट. उलट वाटेत भेटले तर "बरं चाललंय न्हवं?" विचारायचे. मला वाटलं, निभावलं.

दहावा महिना संपत आला तेव्हा मी नव्या कराराचं विचारायला गेले. "बगू की," म्हणाले. आठवड्याने पुन्हा गेले. "बगू." तिसऱ्यांदा गेले तर घरासमोर दोन माणसं उभी होती, टेप हातात घेऊन. कोपऱ्यातल्या गाळ्यात मेडिकल काढायचं म्हणत होती. आप्पा त्यांना सांगत होते, "लादी चांगली हाय. आरसं बी हायेत, पायजे तर ठिवा." माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नेहमीच्याच मायेने.

परत आले आणि शटर अर्धं ओढून स्टुडिओत बसले. समोरच्या भिंतीभर मीच दिसत होते. माझ्या भरवशावर नाव नोंदवलेल्या बायका, बाबांचे पैसे, तीन जागांवरून परत यायचा तो अनुभव, आणि आता पुन्हा कुणापुढे तरी आधार कार्ड धरायचं. मला आप्पांचा राग येत होता, त्याहून जास्त स्वतःचा येत होता, कारण मी काय करणार आहे हे मला कळलं होतं. डंबेल एकेक करून खाली उतरवले. स्टँड सरकवला. कटरने चारी बाजूंनी रबर कापलं. गोंद पक्का बसला होता, निघता निघेना. पत्र्याच्या पट्टीने खरवडून खरवडून काढला, दोन नखं मोडली. मग आप्पांना फोन केला.

"आप्पा, उद्या अमावास्या आहे ना?"

ते म्हणाले, "येतो. सातला येतो."

आले. काखेत खुर्ची होती. आल्या आल्या काट्यावर उभे राहिले, आकडा विचारला. बायकांना त्यांची आठवण झालीच होती, सगळ्या खूश. आप्पा कोपऱ्यात बसले, खरवडलेल्या फरशीवर हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. मग मान वळवून मला हाक मारली.

"पोरी, हिकडं ये. आज तू वत पानी. तुजी बी जागा हाय ही. आमी तसलं काय मानत न्हाई."

ताईने मोबाइल काढला. मी गेले, गुडघे टेकले आणि तांब्या घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

आप्पांनी तांब्या उचलला आणि वरून, वीतभर अंतर ठेवून, माझ्या ओंजळीत पाणी ओतलं.

काही ठरवून नाही. चेहरा भक्तीने भरलेला, ओठ काही तरी पुटपुटत होते. ओंजळ भरली, वाहू लागली, बोटांच्या फटीतून पाणी फरशीवर सांडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तीर्थही असंच देतात, हे मला माहीत आहे. त्या वेळी मीही स्वतःला तेच सांगितलं. मग आप्पांना उठायचं होतं, गुडघ्यावर हात टेकायला हात मोकळा हवा होता. त्यांनी तांब्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच ताईच्या हातात दिला आणि उठले.

ओले हात मी ट्रॅकपँटला पुसले. चाकणवाली मुलगी सरळ माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे न बघता गाणं लावलं.

करार दुसऱ्याच दिवशी झाला. भाडं त्यांनी वाढवलं नाही. त्यानंतर आप्पा दोन वर्षं होते आणि त्या दोन वर्षांतली एकही अमावास्या मी चुकवली नाही. आता गाळे त्यांचा मुलगा बघतो. त्याने सगळ्यांना नंबर घातलेत, आणि पूजेला कुणी येत नाही. मी मात्र तो चौकोन अजून बुजवलेला नाही. हिंमत होत नाही की गरज वाटत नाही, मला सांगता येणार नाही.

करार झाला त्या संध्याकाळी बाबा माझीच वाट बघत दारात उभे होते. कागद बघितला, सही बघितली आणि विचारलं, "आता कसा काय तयार झाला?"

बाबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी म्हटलं, "माणूस चांगला आहे, बाबा."